मागं कोण?

शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तर आधीच माफी मागतो. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून हातात पेनापेक्षा पान्हाच जास्त. मोठे शब्द मला येत नाहीत. मी बद्रीनाथ. संभाजीनगरला औरंगपुऱ्यात गयासचाचांच्या सायकल दुकानात चाकांचा आऊट काढतो, म्हणजे लचकत फिरणारं चाक सरळ करतो. पण ही गोष्ट माझी नाही, शिवराजची आहे. त्यानं ती मला तीनदा सांगितली. तिन्ही वेळा एकसारखी, एक शब्द इकडचा तिकडं नाही. खोटं सांगणारा माणूस दुसऱ्यांदा काहीतरी वाढवतोच. शिवराजनं वाढवलं नाही. उलट तिसऱ्यांदा सांगायला बसला, तेव्हा आधी उठून दार लावून घेतलं.

सुरुवात अगदी साधी. एका शनिवारी शिवराज दुकानात आला तो खोकं मागायला.

सायकल विमानानं न्यायची तर ती खोलून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरावी लागते. चाचांनी माळ्यावरून नव्या सायकलीचं मोठं खोकं काढून दिलं. शिवराजनं पेडल काढली, हँडल आडवं केलं, चेन वर्तमानपत्रात गुंडाळली. त्याचे हात नेहमीपेक्षा हळू चालले होते. किरगिझस्तान नावाच्या देशात पाच दिवसांची शर्यत होती. रोज एक टप्पा, रोज एक डोंगर, आणि रोज ठरलेल्या वेळेत पोचायचं. एक दिवस जरी उशीर झाला तरी शर्यतीतून बाहेर. शिवराज वाळूजला कंपनीत पाळीवर काम करणारा माणूस. पैठणजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी सायकलीवर दुधाच्या किटल्या वाहायचा. आमच्या सायकलवाल्यांच्या गटातून परदेशी शर्यतीला जाणारा तो पहिलाच.

आणि गंमत अशी की गटात तोच सगळ्यात मागचा.

आमचा गट दर रविवारी पहाटे पैठण रोडनं निघतो. चाचांचा एक नियम आहे. जो सगळ्यात मागं असेल, त्याच्या हँडलला पितळेची जुनी घंटी लावायची. बाकी कुणाच्या सायकलीला घंटी नसते. चितेगावला, बिडकीनला, जिथं थांबू तिथं चाचा पुढून ओरडतात, "मागं कोण?" मागच्यानं दोनदा घंटी वाजवायची. म्हणजे मी आहे, माझ्या मागं कुणी नाही. मग चाचा डोकी मोजतात. घंटी वाजली नाही, तर सगळ्यांनी मागं फिरायचं. उन्हात, पावसात, कुणाला घाई असली तरी. एकदा गटातला इंद्रजीत चिडून म्हणाला होता, "चाचा, तो मुतायला थांबला असंल. एवढ्यासाठी पंधरा जणांनी उलटं जायचं का?" चाचा हसले नाहीत. म्हणाले, "जो गिना नै गया, वो रस्ते पेच रै जाता."

घंटी बहुतेक शिवराजच्याच सायकलीला असायची. पोरं त्याला घंटीवालाच म्हणायची. तो चिडायचा नाही. हळू चालवायचा, पण थांबायचा नाही. एकदा तर सलग सहाशे किलोमीटर त्यानं असेच काढले होते.

खोकं बांधून झाल्यावर तो खिळ्याला टांगलेल्या घंटीकडं बघत म्हणाला, "चाचा, घंटी नेऊ का संगं?"

"नक्को बेटा. घंटी इतवार को यहाँ लगती." चाचांनी दोरी कापली. "और वहाँ तेरेकू कौन पूछेगा, मागं कोण?"

"तेबी खरंच," शिवराज म्हणाला.

घंटी खिळ्यालाच राहिली. हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून मुद्दाम लिहितो.

तिथं पोचल्यावर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी घडल्या. सुरुवातीच्या रेषेशी एक निळी गाडी उभी होती, आणि तिच्या टपावर चक्क झाडू बांधलेला. शर्यतीच्या सगळ्यात मागं ही झाडूगाडी चालते. जो वेळेत राहणार नाही त्याला उचलते, त्याचा नंबर काढून घेते. बाकीचे खेळाडू त्या झाडूकडं बघून तोंडं वाकडी करत होते. शिवराजच्या आईनं, आशाबाईंनी, आयुष्यात कधी केरसुणीला पाय लावू दिला नव्हता. लक्ष्मीच ती. शिवराजनं सवयीनं झाडूला हात जोडले. आजूबाजूचे खो खो हसले. पण दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांनी गपचूप तसेच हात जोडले, हे त्यानं पाहिलं.

दुसरी गोष्ट म्हणजे श्रेया. शिवराजच्या जर्सीच्या पाठीवर आम्ही मोठ्या अक्षरांत छत्रपती संभाजीनगर छापून घेतलं होतं. पहिला टप्पा संपवून तो रस्त्याच्या कडेला बसला होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "अय्या, आपल्याकडचे व्हय तुम्ही?" पांढऱ्या कोटातली मुलगी, हातात मलमपट्टीची पेटी. देवगाव रंगारीची, तिथं डॉक्टरकी शिकायला गेलेली. शर्यतीत प्रथमोपचाराला आणि भाषा सांगायला होती. शिवराज लाजरा, त्याला पटकन बोलता येईना. त्यानं खिशातून धपाट्याची पुरचुंडी काढून तिच्यापुढं धरली. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला.

"कितवे आलात?" नंतर तिनं विचारलं.

"शेवटचा."

"पण आलात ना," ती म्हणाली.

तीन दिवस तसंच गेलं. रोज शेवटचा, रोज वेळेत. मोबाइलवर गटाला फोटो आला की आम्ही दुकानात ओरडायचो. चाचा गिऱ्हाइकाला पंक्चर दाखवायचं सोडून फोटो दाखवायचे.

मग चौथा टप्पा.

एकशे बारा किलोमीटर, मधे एक उंच खिंड. सकाळी नऊला निघायचं, दुपारी चारच्या आत पोचायचं. चार वाजता रेषेवरची पट्टी उचलतात. ती रबरी पट्टी रस्त्यावर आडवी टाकलेली असते. सायकलीवरची चिप तिच्यावरून गेली की यंत्र टीक् करतं, म्हणजे तुम्ही आलात.

दुपारी एकपर्यंत ऊन होतं. मग डोंगराच्या माथ्यावरून ढग खाली उतरायला लागले. शिवराज खिंडीच्या चढावर एकटाच राहिला होता. मागं दोनशे पावलांवर झाडूगाडीचं इंजिन गुरगुरत होतं. त्या आवाजाची त्याला सोबत वाटत होती. गारा पडल्या, हेल्मेटवर टपटप वाजल्या आणि थांबल्या. ओल्या लोकरीचा वास आला. कुठंतरी मेंढ्या असाव्यात. दिसत मात्र काही नव्हतं.

एका वळणावर पुढचा एक खेळाडू पडलेला दिसला. खांदा निखळला होता, तो कण्हत होता. झाडूगाडी थांबली. चालकानं त्याला आत घेतलं. दवाखान्यात न्यायची घाई होती. गाडी शिवराजच्या बाजूनं पुढं निघाली, तेव्हा चालकानं काच खाली करून त्याच्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "अकिर्की." हा शब्द शिवराजला पहिल्याच दिवशी कळला होता. आपल्या आखरीचाच भाऊ. मग चालकानं मागच्या रस्त्याकडं हात हलवला. तिथं कुणी नाही, तूच शेवटचा.

गाडी धुक्यात शिरली. तिचे मागचे लाल दिवे थोडा वेळ दिसले, मग तेही विझल्यासारखे झाले. इंजिनाचा आवाज हळूहळू वर जात गेला आणि संपला.

आता फक्त चेनचा आवाज. आणि श्वासाचा.

शिवराज सांगतो, तेव्हा त्याला भीती वगैरे काही वाटली नाही. पाय दुखत होते, तेवढंच डोक्यात होतं. तीन वाजून पाच मिनिटांनी तो खिंडीच्या माथ्यावर पोचला. दगडांचा एक ढीग होता आणि त्यावर काठीला बांधलेल्या जुन्या चिंध्या. वारा नव्हता, म्हणून चिंध्या सरळ लोंबत होत्या. त्यानं एक पाय टेकला, पाणी प्यायलं आणि मनातल्या मनात हिशेब केला. रेषा चोवीस किलोमीटरवर, बहुतेक उतारच. रस्ता ओला. चाळीस मिनिटं लागतील. हातात पंधरा मिनिटं जास्त होती. आज पण जमतंय. त्याला एकदम बरं वाटलं. बिडकीनच्या चहाच्या टपरीपुढं थांबल्यासारखं वाटलं. आणि निव्वळ सवयीनं, स्वतःशीच हसत, त्यानं चाचांच्या आवाजात हाक मारली.

"मागं कोण?"

धुक्यानं हाक गिळून टाकली. शिवराजनं बाटली परत जागेवर लावली.

मग खालच्या वळणांवरून, लांबून, आवाज आला.

ट्रिंग... ट्रिंग.

शिवराजचा हात बाटलीवरच राहिला.

शर्यतीच्या सायकलीला घंटी नसते. ते त्याला माहीत होतं. एखादा गावकरी असेल, त्यानं स्वतःला समजावलं. पण या चढावर, या थंडीत, कोणता गावकरी सायकल घेऊन येतोय? आणि बरोबर दोनदाच कशी?

त्यानं पुन्हा हाक मारली. या वेळी आवाज जरा बारीक निघाला. "मागं... कोण?"

ट्रिंग ट्रिंग. एक वळण जवळ.

त्याला निघता आलं असतं. उतारच होता, ब्रेक सोडायचा फक्त. पण दहा वर्षं ज्याच्या हँडलला घंटी होती, त्याला माहीत असतं की घंटी वाजवणाऱ्याला काय वाटतं. पुढचे थांबलेत, हे कळलं की पायात जीव येतो. शिवराज थांबला. घड्याळात बघत थांबला. एक मिनिट. दोन. घंटी आणखी जवळ वाजली. तीन मिनिटं. आता आवाज अगदी शेवटच्या वळणावरून आला. दहा पावलांवर. धुकं जरा हललं. शिवराज मान पुढं करून बघत राहिला.

कुणी आलं नाही.

टायरचा आवाज नाही, चेनचा नाही, श्वासाचा नाही. नुसता वास आला. बरेच दिवस पाण्यात पडून राहिलेल्या लोखंडाचा वास. दुकानात मी रोज तो वास घेतो, शिवराजलाही तो पाठ आहे. गंजाचा.

चार मिनिटं झाली होती.  शेवटी शिवराज बोलला. समोर जे काही होतं त्याला तो आपल्या भाषेत बोलला, दुसरी भाषा त्याला सुचलीच नाही.

"चल बाबा. माझ्या मागं राहा. मी हळू घेतो."

आणि तो उताराला लागला. मागं बघितलं नाही. पण पुढं चालणारा माणूस करतो ते सगळं केलं. खड्डा आला की बोट खाली करून दाखवला. वाळू आली की तळहात हलवला. प्रत्येक वळणाला हाक मारली, "मागं कोण?" आणि प्रत्येक वळणाला, पंधरा-वीस हात मागून, ट्रिंग ट्रिंग.

हळूहळू भीतीची सवय झाली, असं तो म्हणतो.

दहाएक किलोमीटर उतरल्यावर एक अवघड वळण लागलं. बाहेरच्या बाजूचा लोखंडी कठडा तुटलेला होता. दोन खांब वाकून दरीकडं झुकले होते. मधे नुसतं पांढरं धुकं. शिवराजनं ते वळण सांभाळून काढलं, पुढची दोन वळणं उतरला आणि हाक मारली.

"मागं कोण?"

काही नाही.

त्यानं ब्रेक दाबले. पुन्हा हाक मारली. मोठ्यानं. डोंगरावरून त्याचीच हाक परत आली.

घड्याळात साडेतीन झाले होते. हातातल्या पंधरा मिनिटांतली बरीचशी संपली होती. सरळ गेला तर पोचणार होता. पाच दिवसांतला चौथा दिवस. आईचे धपाटे, चाचांनी काढून दिलेलं खोकं, पाठीवर गावाचं नाव. मागं वळला तर कदाचित हे सगळं इथंच संपणार, आणि कशासाठी? ज्याला टायरचा आवाज नाही, अशा कुणासाठी तरी.

"मग काय केलंस?" पहिल्यांदा ऐकताना मी त्याला विचारलं होतं.

तो माझ्याकडं असा बघत राहिला, की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. "घंटी वाजली नाय ना," तो म्हणाला. "मग मागं फिरायचं आसतं."

शर्यतीत, खिंडीतून उतरताना, शिवराजनं सायकल वळवली आणि उलटा चढ चढायला लागला. जगात दुसऱ्या कुठल्या खेळाडूनं असं केलं असतं असं मला वाटत नाही.

दोन वळणं चढून तो तुटलेल्या कठड्याशी आला. सायकलवरून उतरला. वाकलेल्या खांबाला धरून खाली बघितलं. खोलवर पाण्याचा आवाज येत होता. गंजाचा वास इतका दाट होता की त्यानं नाकाला रुमाल लावला.

"मागं कोण?" तो हळूच म्हणाला.

घंटी वाजली.

दरीतून. सरळ खालून. ट्रिंग... आणि बऱ्याच वेळानं... ट्रिंग.

 शिवराज खांब सोडून मागं सरकला, रस्त्याच्या मध्यावर आला. पळावंसं वाटत होतं. पण मोजायला आलेला माणूस मोजल्याशिवाय जात नाही.

"वर ये," तो म्हणाला. "मी थांबलोय... ये वर."

पाण्याचा आवाज एकदम बंद झाल्यासारखा झाला. तुटलेल्या कठड्यातून गार हवा वर आली, त्याच्या अंगावरून गेली आणि पाठीमागं जाऊन थांबली. मग अगदी कानाशी, हळू, लाजल्यासारखी घंटी वाजली. दोनदा.

त्यानंतर शिवराज जसा सुटला, तसा तो आयुष्यात कधी सुटला नव्हता. वळणं कशी काढली ते त्याला आठवत नाही. डोंगर संपला, धुकं संपलं, सपाट रस्ता लागला. पाच किलोमीटर उरले होते आणि समोरून वारा. पाय संपले होते. इथं त्याला वाटलं, की झालं, आता नाही. तेवढ्यात कमरेवर, जर्सीच्या खिशांच्या जरा वर, कुणीतरी तळहात ठेवला. आपण रविवारी थकलेल्याला ढकलतो ना, तसा. हात बर्फासारखा गार होता. पण त्यात जोर होता.

शिवराज रडत होता, असं तो स्वतः म्हणतो. भीतीनं की कशानं, ते नाही म्हणत.

तीन अठ्ठावन्नला त्यानं रेषा ओलांडली.

लोक पांगले होते. खुर्च्या उचलत होते. टेबलापाशी गुलनारा नावाची म्हातारी बाई बसली होती. तीच सगळ्यांच्या वेळा लिहायची, पहिल्या शर्यतीपासून. श्रेया धावत आली, "आलात! दोन मिनिटं होती हो फक्त, माझा जीव गेला इकडं!" शिवराजनं तिचा हात बाजूला केला. दोन माणसं रबरी पट्टी गुंडाळायला वाकली होती.

"उचलू नका," तो ओरडला. "श्रेयाताई, सांगा त्यान्ला. मागं एक जण हाय आजून."

झाडूगाडीचा चालक दवाखान्यातून परत आला होता. त्यानं मान हलवली आणि काहीतरी म्हणाला. श्रेयानं सांगितलं, "ते म्हणतायत, तुमच्या मागं कुणीच नव्हतं. त्यांनी सगळा रस्ता बघितलाय."

"घंटीवाला हाय एक. माझ्या मागंच होता. खिंडीपासून. मधी त्या तुटक्या कठड्याशी राहिला होता."

श्रेयानं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. चालकाच्या हातातली सिगारेट खाली पडली. गुलनारा उठून उभी राहिली होती, ती पुन्हा बसली.  मग ती हळूहळू बोलायला लागली आणि श्रेया तुकड्या-तुकड्यांत सांगायला लागली. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

सात वर्षांपूर्वी याच टप्प्यावर एर्मेक नावाचा माणूस होता. त्या खोऱ्यातला डाकवाला. शर्यतीतही तो डाकेच्या सायकलीवरची घंटी काढायचा नाही, सगळे हसायचे त्याला. सगळ्यात मागं होता. असंच धुकं होतं. थंडीनं सगळे कंटाळले होते. कुणीतरी म्हणालं, सगळे आले. गुलनारानंच त्याच्या नावापुढं खूण केली. पट्टी गुंडाळली. तीन दिवसांनी तो कठड्याखाली सापडला.

"ती म्हणतेय..." श्रेया म्हणाली, "...कागदावर तो आलेला होता. म्हणून कुणी मागं फिरलंच नाही."

तेवढ्यात यंत्रापाशी बसलेला माणूस काहीतरी पुटपुटला. तो पडद्याकडं बोट दाखवत होता. शिवराज रेषेवरून गेला तेव्हा यंत्र दोनदा वाजलं होतं. एका सेकंदाच्या अंतरानं. त्याला वाटलं होतं, यंत्र बिघडलं.

गुलनारानं कागद पुढं ओढला. छापील यादीत शेवटी शिवराजचं नाव होतं. त्रेसष्टावा. तिनं त्याच्याखाली पेनानं चौसष्ट आकडा घातला आणि एक नाव लिहिलं. समोर वेळ लिहिली, शिवराजच्या वेळेपेक्षा एक सेकंद जास्त. मग उठून शिवराजच्या डोक्यावर हात ठेवला. श्रेयानं त्या कागदाचा फोटो काढला. तो आजही आमच्या दुकानात लावलेला आहे. आयुष्यात पहिल्यांदा शिवराज शेवटचा नव्हता.

पाचवा टप्पा त्यानं आरामात संपवला. पदक मिळालं.

तो परतला त्या शनिवारी संध्याकाळी दुकानापुढं त्याचा सत्कार झाला. पैठणहून आशाबाई आणि वडील काकासाहेब आले होते. काकासाहेब लांब खांबाला टेकून उभे. कुणी अभिनंदन केलं की म्हणायचे, "पोरगं हळू चालवतं, पण टिकतं," आणि डोळे पुसायला दुसरीकडं बघायचे. इंद्रजीतनं हार घालताना टोमणा मारलाच, "या, शेवटून दुसरे!" सगळे हसले. चाचांनी शिवराजला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सब आगे जाने के वास्ते जाते. मेरा बेटा पीछे मुड़ा." बस, एवढंच. पण ते म्हणताना चाचा एक हात उंच झाले होते.

गर्दी गेल्यावर शिवराज मला म्हणाला, "बद्री, एक इसरलो रे मी."

"काय?"

"त्याला म्हणलो होतो, माझ्या मागं राहा. रेषा आली, आता थांब, हे सांगायचं राहूनच गेलं."

मला वाटलं, थकलाय.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहाटे आम्ही पंधरा जण निघालो. मान म्हणून चाचांनी शिवराजला सगळ्यात पुढं काढलं. त्यामुळं मागं मी होतो, आणि पितळेची घंटी माझ्या हँडलला होती. पैठण रोडला स्वच्छ उजाडलं होतं. धुक्याचं नावही नव्हतं. बिडकीनला टपरीपुढं सगळे थांबले. मी साठ-सत्तर हात मागं होतो.

"मागं कोण?" चाचांनी हाक दिली.

मी घंटी वाजवली. दोनदा.

चाचा मोजायला लागले. आणि माझ्या पाठीमागं, रिकाम्या रस्त्यावर, हळू, लाजल्यासारखी घंटी वाजली.

ट्रिंग ट्रिंग.

 गंजाचा वास आला. पुढं सगळे गप्प झाले होते. म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. चाचांचं बोट हवेतच राहिलं. मला मागं वळून बघायचं होतं, पण मान वळेना. तेवढ्यात शिवराज सायकल वळवून माझ्याकडं आला. मला ओलांडून गेला. माझ्या मागं, रस्त्याच्या कडेला तो थांबला. त्यानं आपली पाण्याची बाटली काढली आणि मैलाच्या दगडावर ठेवली. झाकण उघडून ठेवली. मग परत आला, चाचांपाशी उभा राहिला.

"पंद्रा," चाचा कसेबसे म्हणाले.

"नाय चाचा," शिवराज म्हणाला. "सोळा धरा."